'कॅनन'ला मराठीत काय म्हणायचं?

झोपाळू:
भाचीला सध्या ड्रॅगन बॉल ही जपानी कार्टून मालिका लावून दिलीय. तिला म्हटलं जीटी (त्याचीच नंतरची एक मालिका) नको बघूस, ते कॅनन नाहीये (मूळ गोष्टीत धरत नाहीत). तर म्हणते, म्हणजे खोटं आहे का मामा? आता शेपटीवाला पोरगा ढगावर बसून फिरतो ते खरं आणि जीटी खोटं हे कुठल्या तोंडाने सांगू :D अनधिकृत म्हणावं तर तसंही नाही, तोएई स्टुडिओनेच काढली, 1996-97 ला टीव्हीवर रीतसर 64 भाग लागले, नाव न लोगोसुद्धा मूळ लेखक तोरियामाचा. फक्त मांगात (मूळ जपानी कॉमिकमध्ये) नाही एवढंच. मग कॅननला शब्द काय? (तोफ नको, कॅमेरा पण नको.)

बोरूबहाद्दर:
'प्रमाण' घ्या की. मूळ ग्रीक शब्द म्हणजे मोजायची काठीच, पुढे चर्चने बायबलात कुठली पुस्तकं धरायची त्या यादीला वापरला, मग होम्सच्या चाहत्यांनी थट्टेथट्टेत उचलला, 4 कादंबऱ्या न 56 कथा तेवढं कॅनन, बाकी कोणी काहीही लिहो. आणि उलट शब्द तर आपल्याकडे तयारच आहे, 'प्रक्षिप्त', म्हणजे मागून घुसडलेलं. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा दमच भरलाय, यात आपली ओवी घुसडणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली म्हणून समजा.

नामेकवासी:
नरोटी लय भारी! फिलरला (मांगात नसलेले, भरतीला टाकलेले भाग) एकदम फिट. गोकू (तोच शेपटीवाला, आता मोठा) न त्याचा साथीदार पिकोलो ड्रायव्हिंग शिकायला जातात तो भाग आठवा, पिकोलो टोपीबिपी घालून स्टिअरिंगवर, मांगात यातलं एक पान नाही. (मला झेड या मालिकेतला सगळ्यात आवडता भाग तोच, असल्या नरोट्या रोज वाढा.) मांगा आठवड्याला एक प्रकरण निघायची, अॅनिमे (टीव्हीवरचं कार्टून) मागून येऊन तिला टेकायचं, मग पाणी घालण्याशिवाय इलाज काय. खलनायक फ्रीझा म्हणतो 5 मिनिटांत ग्रह फुटणार, आणि ती 5 मिनिटं भागामागून भाग संपतच नाहीत. 2009 च्या काईमध्ये (झेडचीच नव्याने कापलेली आवृत्ती) ते बरंचसं आटवलं.
पण जीटी प्रक्षिप्त नाही हं, ती मध्ये घुसडलेली नाही, शेवटाला जोडलीय. आणि बार्डॉकचं काय? गोकूचा बाप 1990 च्या टीव्ही स्पेशलमधला, तो तोरियामाला इतका आवडला की फ्रीझाला आठवण येते त्या चौकटीत त्याने तो मांगातच काढला. म्हणजे नरोटी ताटात ठेवली आणि यजमानानेच ती वाढून घेतली. वर 2014 ला त्याच बार्डॉकची गोष्ट स्वतः वेगळी लिहिली.

बोरूबहाद्दर:
हम्म, हा मुद्दा बरोबर. प्रक्षिप्त काय ते लेखकामागे संपादक ठरवतो, इथे तर लेखकच मध्ये येऊन जागा बदलतोय. जपानी लोक 'गेन्साकु' म्हणतात, म्हणजे मूळ कृती. तसं 'मुळात नाही' म्हटलं तर?

झोपाळू:
'मुळात नाही' म्हटलं की 'मुळीच नाही' ऐकू येतं, ती परत खोटं का म्हणूनच विचारणार. 'मूळ मांगात नाही' चालेल, लांब आहे पण कळतं. मात्र ती आता सुपर या पुढच्या मालिकेवर आलीय, तिथे अॅनिमे न चित्रकार तोयोतारोची मांगा दोन्ही तोरियामाच्याच आराखड्यावरून, आणि दोन्हीत गोष्ट वेगवेगळी. तिथे मूळ कशाला म्हणू? लवकर ठरवा राव, रविवारी येतेय ती.