ऑटोइम्यून आजार खरंच वाढलेत का? वाढले असतील तर कशामुळे?

आंबेमोहोर

आमवात, थायरॉईड, सोरायसिस, क्रोन्स (आतड्याचा जुनाट दाह), लहान मुलांचा टाइप १ मधुमेह. पेशंट पाच वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात, पण मुळात गडबड एकच असते. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते, किंवा गरज नसताना दाह चालूच ठेवते. कारणं विचाराल तर व्हॉट्सॲपवर रोज एक नवं हजर असतं. आज गहू, उद्या लस, परवा मोबाईलचा टॉवर. म्हणून म्हटलं, एकदा नीट चर्चा होऊ दे.

माझं मत आधी मांडतो. गेल्या साठ-सत्तर वर्षांत यातले काही आजार खरोखर वाढलेत. आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण हे, की पहिल्या दोन-तीन वर्षांत बाळाची ज्या जंतूंशी गाठ पडायची, ती आता पडत नाही.

यासाठी मला सगळ्यात पटणारा दाखला कारेलियाचा आहे. या प्रदेशाचे दोन भाग आहेत, एक फिनलंडकडे, दुसरा रशियाकडे. अक्षांश तेच, थंडी तीच, सूर्यप्रकाश तितकाच. मधुमेहाचा धोका वाढवणारी जनुकंही दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात. तरी मुलांमधला टाइप १ मधुमेह फिनलंडच्या बाजूला रशियन बाजूच्या सुमारे सहापट. फिनलंडचा दर तर जगात सर्वाधिक. सीलिॲकचंही (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) तेच: तिकडच्या शाळकरी मुलांत रशियन बाजूला साधारण ४९६ मध्ये एक, फिनलंडमध्ये १०७ मध्ये एक. आणि गहू दोन्हीकडे खातात!

पुढे फिनलंडमधलं एस्पो, एस्टोनियातलं तार्तू आणि रशियातलं पेट्रोझावोद्स्क इथल्या बाळांच्या शीचे नमुने तीन वर्षांपर्यंत तपासले गेले. २०१६ साली ते काम प्रसिद्ध झालं. फिनलंड आणि एस्टोनियाच्या बाळांच्या आतड्यात बॅक्टेरॉइड्स गटाचे जंतू जास्त होते. रशियन बाळांत तसे नव्हते, तिथे ई. कोलायचा वाटा मोठा होता. या दोघांच्या बाह्यावरणात एकाच जातीचा रेणू असतो. पण ई. कोलायचा रेणू प्रतिकारपेशींना चांगला जागं करतो आणि बॅक्टेरॉइड्सचा जवळजवळ करतच नाही. म्हणजे कोणाशी लढायचं आणि कोणाला सोडायचं याची शिकवणी ज्या वयात व्हायची, त्याच वयात मास्तर गैरहजर.

डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ मध्ये हे आधी गवती तापाच्या (परागकणांच्या ॲलर्जीच्या) बाबतीत मांडलं. घरात मोठी भावंडं जितकी जास्त, तितकी ॲलर्जी कमी. २००३ मध्ये ग्रॅहम रूक यांनी ते सुधारून 'जुने मित्र' अशी कल्पना मांडली. रोगजंतू नव्हेत, तर माती, जनावरं आणि आतड्यातले निरुपद्रवी सोबती. जनुकं दोन पिढ्यांत बदलत नाहीत. बाकी सगळं बदललं.

सूक्ष्मदर्शक

धागा चांगला आहे, पण पहिल्याच पायरीवर अडतो. 'वाढलेत' हे गृहीत कसं धरलंत?

२०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनच्या सुमारे सव्वादोन कोटी लोकांच्या नोंदींवर काम आलं. १९ ऑटोइम्यून आजार मिळून लोकसंख्येत प्रमाण साधारण १० टक्के, बायकांत १३ आणि पुरुषांत ७. बातम्यांनी एवढंच उचललं. पण त्याच अभ्यासात नव्या रुग्णांचा एकूण दर २००० ते २०१९ या काळात जेमतेम ४ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. सीलिॲक दुपटीहून जास्त वाढला, ग्रेव्हज (थायरॉईड अतिसक्रिय करणारा) वाढला, पण हाशिमोटो (थायरॉईड मंदावणारा) आणि पर्निशियस ॲनिमिया (बी-१२ न शोषल्याने होणारा) चक्क कमी झाले. सगळ्यांना मिळून एकच लाट म्हणता येत नाही.

मी लॅबमध्ये काम करतो. बोटं दुखतात म्हणून बाई येते, चिठ्ठीवर एएनए (आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट) लिहिलेलं असतं. रिपोर्टवर '१:८०, स्पेकल्ड' असं येतं आणि घरी रडारड सुरू होते. हे इतक्या कमी प्रमाणात अनेक निरोगी माणसांत सापडतं. ती बाई पुढे ज्याला त्याला सांगते, मला ल्युपस (अनेक अवयवांवर उलटणारा ऑटोइम्यून आजार) आहे. दहा वर्षांपूर्वी ही टेस्ट कोणी लिहीत नव्हतं, म्हणून तेव्हा 'आजार नव्हता'.

आता माझ्याच विरुद्ध जाणारी गोष्टही सांगतो, कारण ती लपवणं बरोबर नाही. अमेरिकेत एकाच पद्धतीने साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांत एएनए असलेल्यांचं प्रमाण १९८८-९१ मध्ये ११ टक्के होतं, २०११-१२ मध्ये १५.९ टक्के. इथे जास्त टेस्ट केल्याचा प्रश्नच येत नाही. काहीतरी बदलतंय. पण एएनए म्हणजे आजार नव्हे.

अबोली_२२

मला सात-आठ वर्षं झाली आमवाताला, अँटी-सीसीपी (आमवातात आढळणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह. सकाळी दुधाची पिशवी कापायची तर कात्रीच्या कडीत अंगठा जात नाही, तास-दीड तास हात लाकडासारखे असतात. आंबेमोहोर, राग मानू नका, पण माझं बालपण गोठ्याला लागून असलेल्या घरात गेलं. आम्ही पाच भावंडं, विहिरीचं पाणी, अंगणात शेणसडा. अजून कुठले 'जुने मित्र' हवे होते?

आणि एक विनंती, कारणांची चर्चा जरूर करा, पण ती आजाऱ्याच्या माथी मारू नका. 'तू फार विचार करतेस म्हणून झालं' हे मी नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता लग्नाकार्याला जायचं टाळते.

कृष्णाकाठ

अबोलीताईंचा मुद्दा एकट्यादुकट्याचा नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड पद्धतीने. आमवाताचं प्रमाण निघालं साधारण अर्धा टक्का, म्हणजे दोनशेंत एक. युरोप-अमेरिकेतही आकडा अर्ध्या ते एक टक्क्याच्या आसपासच आहे. गुरं, माती, मोठी कुटुंबं असलेल्या गावात हे प्रमाण नगण्य असायला हवं होतं, नाही का? कारेलियाचा दाखला टाइप १ मधुमेहाला लागू असेल. तो उचलून सगळ्या आजारांना लावला की गल्लत होते.

आमवातात कारण सगळ्यात स्पष्ट दिसतं ते फुप्फुसात. २००६ मध्ये स्वीडनच्या क्लारेस्कोग यांच्या गटाने दाखवलं की धोक्याच्या जनुकाच्या दोन प्रती आणि वर धूम्रपान असेल, तर अँटिबॉडी असलेल्या आमवाताचा धोका सुमारे २१ पट होतो. तुलना अर्थात जनुक नसलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्यांशी. धुरामुळे फुप्फुसातल्या प्रथिनांत एक रासायनिक बदल होतो, त्याला सिट्रुलिनेशन म्हणतात. त्या बदललेल्या प्रथिनांना शरीर परकं समजायला लागतं. अँटी-सीसीपी टेस्टमधला दुसरा 'सी' तोच. तिकडेच ओठाखाली ठेवायच्या तंबाखूत (स्नूस) हा धोका सापडला नाही. म्हणजे गोष्ट धुराची आहे, निकोटीनची नाही.

तसंच सिलिकाचं. दगडखाणी, खडी क्रशर, सँडब्लास्टिंग. सिलिकाच्या धुळीचा आमवात, ल्युपस आणि स्क्लेरोडर्माशी (त्वचा घट्ट-कडक करणारा आजार) संबंध अनेक देशांत दिसलाय. वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसातल्या गाठी आणि आमवात यांचं नातं कॅप्लन यांनी १९५३ मध्येच नोंदवलं होतं. आपल्याकडे हायवेच्या कडेने चाललेले क्रशर बघा, तोंडाला फडकं बांधलेल्या बायका पाट्या वाहतात. त्यांचे सांधे कोण तपासतंय? मायक्रोबायोमवर (शरीरातल्या जंतूंच्या वसाहतीवर) बोलणं सोपं आहे, कारण त्यात कुठल्या क्रशरमालकाला जाब विचारावा लागत नाही.

तुळशीवृंदावन

सगळे जंतूंवर आणि धुरावर बोलताय. आयुर्वेदात आमवाताचं कारण आम, म्हणजे अर्धवट पचलेलं अन्न, असं स्पष्ट सांगितलंय. आज मैदा, ब्रेड, बिस्किटं, पाकिटातलं फरसाण. गहू बंद केला की अर्धे पेशंट सुधारतात हे मी स्वतः पाहिलंय.

सूक्ष्मदर्शक

@तुळशीवृंदावन, पाकिटातल्या अन्नाबद्दल तुमचं म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. २०१५ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलंय की काही इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवायला पाकिटातल्या अन्नात घालतात ते पदार्थ) आतड्यातलं श्लेष्माचं अस्तर पातळ करतात आणि सौम्य दाह सुरू होतो. माणसांतला पुरावा अजून तोकडा आहे.

गव्हाचं मात्र वेगळं. भारतातच तीन भागांत प्रौढांची पाहणी झाली होती. सीलिॲकच्या अँटिबॉडी उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत ०.१०. धोक्याची जनुकं तिन्हीकडे भरपूर. उत्तरेत रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. पण ईशान्येत फक्त ३७ ग्रॅम, तरी अँटिबॉडी दक्षिणेच्या आठपटीहून जास्त! गहू लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही.

आणि कृपा करून टेस्ट करण्याआधी कोणाला गहू बंद करायला सांगू नका. गहू सुटला की अँटिबॉडी उतरतात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आणि खरा सीलिॲकचा पेशंट वर्षानुवर्षं निदानावाचून राहतो. हे मी लॅबमध्ये बघतो.

लेस्टरकर

इथे इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये आपल्या उपखंडातले लोक खूप, गुजराती आणि पंजाबी जास्त. अल्सरेटिव्ह कोलायटिसवर (मोठ्या आतड्याला दाह आणि व्रण होणारा आजार) इथे नव्वदच्या दशकात काम झालं. या समाजात त्याचं प्रमाण स्थानिक गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं, इथेच जन्मलेल्या पिढीतही. रक्त तेच, देश वेगळा. बालपण कुठे गेलं याला महत्त्व आहे एवढं तरी यातून निघतं. पण पंजाबात पाहणी झाली तेव्हा तिथेही लाखामागे ४४ रुग्ण सापडले होते, तेव्हा 'भारतात हा आजारच नव्हता' हेही खरं नाही.

पश्चिमवारा

मी आरोग्य खात्यात वीस वर्षं काढली. 'मातीत खेळू द्या, जंतू चांगले असतात' हे वाक्य पुण्याच्या फ्लॅटमध्ये ठीक आहे. ज्या पाड्यावर पावसाळ्यात जुलाबाने मूल सुकून गेलेलं मी मांडीवर घेतलंय, तिथे हे वाक्य ऐकवायची माझी हिंमत नाही. रशियन कारेलियातल्या मुलांना मधुमेह कमी, पण संसर्ग किती जास्त, तेही सांगा. क्रोन्सच्या रुग्णांना डुकरातल्या जंताची अंडी पाजून पाहिली, मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही आणि ते थांबवावं लागलं. जुने मित्र परत बोलावले की येतात असं नाही.

उलट पुरावा एका साध्या विषाणूकडे बोट दाखवतो. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त जणांच्या नोंदी तपासल्या. त्यात ९५५ जणांना मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा ऑटोइम्यून आजार) झाला होता. एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर धोका ३२ पट वाढलेला. म्हणजे जंतू कमी पडल्याने नाही, जंतू लागल्याने!

आंबेमोहोर

पश्चिमवारा, तुमच्या पाड्यावरच्या अनुभवापुढे मी काहीच बोलणार नाही. हात धुणं, स्वच्छ पाणी, लस यांच्या विरोधात मी एक अक्षर लिहिलेलं नाही. रूक यांचंही म्हणणं तेच आहे, की साबण सोडायचा नाही.

पण एपस्टाइन-बारचा दाखला माझ्याच बाजूने येतो. हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी होतोच. आपल्याकडे तो बहुतेकांना अगदी लहानपणी होतो, कळतही नाही. पाश्चात्त्य देशांत अनेकांना सोळा-अठराव्या वर्षी होतो, ताप आणि गाठी येऊन महिनाभर आडवं पाडतो. अशा उशिरा आलेल्या संसर्गानंतर एमएसचा धोका जास्त दिसतो. जंतू कोणता इतकंच महत्त्वाचं नाही, तो कोणत्या वयात भेटला हेही आहे.

कृष्णाकाठ, भिगवणचा मुद्दा मी मानतो आणि त्याने माझं विधान अधिक नेमकं होतं. आमवात म्हाताऱ्या वयाकडे झुकलेला, फुप्फुसातून येणारा वेगळा आजार असू शकतो. टाइप १ मधुमेह, ॲलर्जी, कोलायटिस यांची गोष्ट बालपणाची आहे. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट बघा. दोघे मूळचे मध्य युरोपातले, दोघे शेतकरी, खाणं-राहणं सारखं. आमिश घराशेजारच्या गोठ्यात हाताने काम करतात, हटराइट लोकांची शेती यंत्रांची आणि घरापासून लांब. २०१६ च्या अभ्यासात मुलांमधला दमा आमिशांत ५.२ टक्के, हटराइटांत २१.३. आमिशांच्या घरातली धूळ उंदरांच्या नाकात घातली तर त्यांनाही संरक्षण मिळालं.

अबोली_२२

'म्हाताऱ्या वयाकडे झुकलेला' नाही हो. मला तिसाव्या वर्षी झाला. आमच्या दवाखान्याच्या बाकावर माझ्याहून लहान मुली बसलेल्या असतात.

माझा प्रश्न साधा आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्यासाठी मी आज काय करू?

सूक्ष्मदर्शक

अबोलीताई, आई-वडिलांना आमवात असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही, हे आधी. घरात कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर ती बंद. त्रास नसताना तिची एएनए किंवा अँटी-सीसीपी करू नका, हाती फक्त काळजी येईल. सहा आठवडे उलटूनही सांधा सुजलेला राहिला तर बालरोगतज्ज्ञांमार्फत संधिवाततज्ज्ञांना दाखवा. व्हिटॅमिन डीबद्दल लोक विचारतील: अमेरिकेत २५,८७१ जणांवर पाच वर्षं चाचणी झाली, रोज २००० युनिट घेणाऱ्यांत ऑटोइम्यून आजार २२ टक्के कमी दिसले. पण ते सगळे पन्नाशीच्या पुढचे होते. ते मुलीला जसंच्या तसं लावू नका, डोस डॉक्टरांनाच ठरवू दे.

आंबेमोहोर

यात एक माझी भर: साध्या सर्दीला अँटिबायोटिकचं सिरप मागू नका. पहिल्या वर्षांत तर नाहीच.

पश्चिमवारा

मान्य. पण ते औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी, जो धोका आज वॉर्डात समोर दिसतो. तुमचा सिद्धांत त्यासाठी पटायलाच हवा असं नाही.

कृष्णाकाठ

आणि क्रशरचं काय? त्यावर अजून कोणी बोललं नाही.