मांडीवर मांजर आणि बीपीचा आकडा: तुमचे अनुभव सांगा

निवांत_नाशिककर

मार्चअखेर. मी बँकेत आहे, त्यामुळे जास्त सांगायला नको. रात्री साडेनऊला घरी आलो तेव्हा डोकं ठणकत होतं. बायकोने बीपीचं मशीन काढलं. १५४/९६. ती काही बोलली नाही, नुसतं बघितलं. ते जास्त वाईट. तेवढ्यात आमचा बंड्या (बोका, वय ४, वजन साडेपाच किलो, स्वभाव तहसीलदाराचा) मांडीवर चढला, दोनदा गोल फिरला आणि मुटकुळं करून बसला. त्याला उठवायची हिंमत घरात कुणाचीच नाही. फोन चार्जिंगला, रिमोट टीपॉयवर, कशालाच हात पोहोचेना. वीस मिनिटं मी नुसता बसून. पुन्हा बीपी घेतलं तर १३८/८८.

मी लगेच जाहीर केलं की गोळीपेक्षा बोका बरा. "गोळी चालूच राहील," बायको म्हणाली. चालू आहे, काळजी नसावी.

पण प्रश्न डोक्यात राहिलाय. मांजरवाल्यांनो, तुमचंही खरंच असं होतं का? की आपली लाडापोटी करून घेतलेली समजूत? कौतुक नको, घडलेलं लिहा.

सोनटक्का

सासरे गेल्यावर आमच्या सासूबाई बोलायच्याच बंद झाल्या. जेवलात का? हो. औषध घेतलंत का? हो. चार महिने एवढंच. मांजर तर त्यांना मुळीच खपायचं नाही, "शिंक्याला तोंड घालणारी जात" म्हणायच्या. त्या पावसाळ्यात मागच्या पडवीत एक भाटी येऊन राहिली. चारच्या चहाला बरोब्बर त्यांच्या खुर्चीखाली हजर. एकदा स्वयंपाकघरातून कानावर आलं. बशीत दूध ओतता ओतता सासूबाई हळूच सांगत होत्या, "आजपण आमटीत गूळ नाही घातला गं. सांगायचं कुणाला?"

मी ओट्याशी तशीच उभी. राग यावा की हसू, कळेना. दुसऱ्या दिवशी गूळ घातला. जेवताना त्या काही बोलल्या नाहीत, पण चार वाजता भाटीकडे निरोप पोचला: "आज बरी झाली होती."

दीड वर्ष झालं, हे असंच चाललंय. माझ्या चहाड्या, दिरांची गाऱ्हाणी, आणि मध्येच कधीतरी, "ह्यांना चहा बशीतच लागायचा." हे वाक्य आमच्यापैकी कुणासमोर त्यांच्या तोंडून कधी निघालेलं नाही. मी आता चारला मुद्दाम भांडी लावायला जाते. त्यांनाही ते ठाऊक असावं, कारण हल्ली आवाज जरा मोठा असतो.

कॉटबेसिस

सदाशिव पेठ, एका खोलीत पाच जण. मांजर कुणा एकाचं नाही, अख्ख्या बिल्डिंगचं. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला, दीड मार्काने गेलो. घरी फोन करायचा होता, करवत नव्हता. जिन्यात बसलो तर ही येऊन शेजारी टेकली आणि पंजा चाटायला लागली. एकेक बोट फाकवून, बेचक्यातून, नखाच्या मुळापासून. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रूममेट "पुढच्या वेळी नक्की" म्हणत होते, हिचं काहीच म्हणणं नव्हतं. तिचा दुसरा पंजा होईपर्यंत बसलो, मग बाबांना फोन लावला.

खडूस_मावशी

ताण कमी होतो म्हणे! आमचा बोका एप्रिलात तीन दिवस गायब होता. सोसायटीतल्या प्रत्येक गाडीखाली वाकून बघितलं, कंबर धरली. चौथ्या दिवशी फाटका कान घेऊन आला आणि माझ्याकडे पाठ करून जेवला. शिवाय दुलईत मुतणं आहे, पहाटे साडेचारला तोंडावर पंजा मारणं आहे. माझं बीपी मोजलं तर मशीन फुटेल. आणि नाही, कुणाला देणार नाही. विचारूसुद्धा नका.

जनावरांचा_डॉक्टर

निवांत, तुमच्या पहिल्या आकड्यावर माझा विश्वास नाही. बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून, न बोलता बसायचं असतं. तुम्ही दारातून आलात आणि पट्टा बांधलात. बंड्याने तुम्हाला गप्प बसवलं, म्हणजे मोजायची रीत पाळायला लावली.

अर्थात सगळं श्रेय बसण्याला देऊन चालणार नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २४९ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये छापून आला. काहींनी दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं, काहींनी रांगेत थांबून दुसऱ्यांना कुरवाळताना पाहिलं, काहींना नुसते फोटो दाखवले. मग लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं. प्रत्यक्ष हात लावलेल्यांचं इतरांपेक्षा खाली होतं. तेव्हा व्हिडिओ बघून काम भागवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मांजराची घुरघुर श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा चालते, साधारण २५ ते १५० हर्ट्झच्या दरम्यान. मांडीत ती ऐकू येण्याआधी जाणवते. पण घुरघुरतंय म्हणजे खूश आहे असं धरून चालू नका. पाय मोडलेलं मांजर माझ्या टेबलावर पडल्या पडल्या घुरघुरतं, आणि मालक म्हणतात, "बघा, आवडलं त्याला इथे." अंग चोरत असेल, शेपूट आपटत असेल, तर सोडा त्याला. ओरखडा निघालाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनचं त्याच दिवशी विचारून घ्या. मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर कुणीच देऊ नका, त्याच्यासाठी ते विष आहे.

सोनटक्का, दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. बशी लहान करा.

सोनटक्का

डॉक्टर, बशी लहान केली तर चार वाजता तुमचंही नाव निघेल.

गल्लीतली_पाहुणी

नवऱ्याच्या नोकरीपायी इस्तंबूलला आलो. तुर्की एक अक्षर येत नव्हतं. इथे मांजर घरचं कमी, गल्लीचं जास्त. दुकानांच्या दारात त्यांच्यासाठी पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या असतात. कादिकॉय भागात टोंबिली नावाच्या एका गलेलठ्ठ मांजरीचा पुतळाच आहे, २०१६ मध्ये बसवलेला. फुटपाथच्या पायरीवर कोपर टेकून रेललीय, लोडाला टेकलेल्या पाटलासारखी.

पहिल्या हिवाळ्यात दिवसभरात माझं मराठी कानावर पडायचं ते फक्त बेकरीपुढच्या पांढऱ्या मांजरीच्या. "काय गं," म्हटलं की मान वर करायची. बर्फातही मी पाव घ्यायला जायचे, घरात पाव असतानाही. आता बेकरीवाला तिला "कायगं" अशीच हाक मारतो. त्याला वाटतं तिचं नाव आहे.

निवांत_नाशिककर

डॉक्टर, पटलं. आता आधी पाच मिनिटं बसतो, मग पट्टा. वहीत दोन रकाने पाडलेत: बंड्यासह आणि बंड्याविना. आठवडा झाला, पहिल्यात सात आकडे, दुसरा कोरा. मी खुर्चीत टेकलो की तो येतोच. काल खोलीचं दार लावून बसलो, तर बाहेरून त्याने असा गळा काढला की शेजारचे काका विचारायला आले.

आज सकाळी मशीनची नळी चावून ठेवलीय. त्यामुळे आजचा आकडा नाही.