भोसरीतली मंदी मोजायची कशी?

भोसरीकर: २०१९च्या ऑगस्टमध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या ऑगस्टच्या तुलनेत ३१ टक्क्यांहून अधिक घसरली. २० सप्टेंबरला कंपनी कराचा दर २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा होताच सेन्सेक्स १,९२१ अंकांनी उसळला. पण पुण्याजवळच्या या औद्योगिक पट्ट्यातले, मोठ्या कंपन्यांसाठी वाहनांचे सुटे भाग घडवून देणारे छोटे जॉबवर्कवाले बहुतेक मालकी किंवा भागीदारीतले, त्यांना त्या कपातीचा उपयोगच नव्हता. बेरोजगारीचा आकडाही इथे फसवतो. कंत्राट संपलेला मुलगा खोली सोडून बीडला किंवा लातूरला परततो, घरच्या शेतात हात लावतो आणि सर्वेक्षणात ‘रोजगारात’ गणला जातो. म्हणजे भोसरीतली बेकारी भोसरीत दिसतच नाही. म्हणून मंदीत खानावळीचे डबे आणि भंगारवाल्याच्या फेऱ्या मोजाव्यात, असे माझे मत आहे. आठवड्याला उचलला जाणारा, लेथवर कापलेल्या धातूचा चुरा महिनाभर पोत्यांत पडून राहिला, की काय ते समजते.

हिशेबनीस: असहमत. काम जवळच्या चाकणच्या कारखान्यांकडे गेले असेल, तर कामगारही तिकडेच जेवतो. त्याला मंदी म्हणत नाहीत. पोती साचण्याचेही दुसरे कारण असते, कारण मंदीत भंगाराचा भाव पडतो आणि मालक तो चढेपर्यंत माल अडवून ठेवतो. मोजायचाच तर औद्योगिक वीजवापर मोजावा, तोही युनिटमध्ये. स्थिर आकारामुळे यंत्रे बंद असली तरी बिल शून्यावर येत नाही.

भोसरीकर: भंगाराबाबत मान्य, मी फेऱ्यांऐवजी वर्षभराचे वजन म्हणायला हवे होते. मात्र दोन शिफ्टची एक झाली, तर युनिट घटलेली दिसतील, पण दुसऱ्या शिफ्टचे कामगार कायम होते की कंत्राटी, हे मीटर सांगत नाही.

जुना टर्नर: दोघेही एक गोष्ट विसरत आहात. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराबाबतचे बीएस-६ हे कडक निकष लागू होणार असल्याने वाहन कंपन्या जुना साठा कमी करत होत्या, त्यामुळे वीज आणि डबे दोन्ही काही काळ घटणारच होते. साठ्याची घट आणि खरी मंदी यांतला फरक बिलाच्या तारखेत सापडतो. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६चा कायदा सांगतो. ऑर्डर कमी झाली तरी जुने पैसे वेळेवर येत असतील, तर मी घाबरणार नाही. तेच नव्वद दिवसांवर गेले, की घाबरेन.

हिशेबनीस: निकष उत्तम आहे, पण थकबाकीची वही दाखवणार कोण? पुढची ऑर्डर त्याच गिऱ्हाइकाकडून हवी असते.