सड्यावरच्या फुलांचा डेटा खुला करायचाय, मेटाडेटा (डेटाबद्दलची माहिती) कसा लिहू?

सडाफिरी: चार पावसाळे साताऱ्याच्या सड्यांवर (जांभ्या दगडाच्या पठारांवर) क्वाड्रॅट, म्हणजे ठरावीक मापाची चौकट, टाकून फुलझाडं मोजली. आता जर्नलवाले म्हणतात डेटा सार्वजनिक करा. माझ्याकडे चार एक्सेल फायली, रकान्यांची नावं 'लोक', 'नं', 'रिम'. मला समजतात, गाइडना नाही. कुठून सुरुवात करू?

जांभा: आधी तारखा तपासा. माझ्या फायलीत सीतेची आसवं ९ मेला फुललेली सापडली! मे महिन्यात सड्यावर पाय भाजतात हो. लिहिलं होतं ०५-०९, म्हणजे ५ सप्टेंबर; लॅबच्या संगणकाने अमेरिकन पद्धतीने वाचलं. १२ तारखेपर्यंतच्या सगळ्या उलट्या झाल्या, १३ पासूनच्या नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहिल्या. तेव्हापासून २०१९-०९-०५ असंच लिहितो.

हर्बेरियमवाली: नवी नावं शोधत बसू नका, डार्विन कोअर वापरा, म्हणजे सजीवांच्या नोंदींसाठी जगभर ठरलेली रकान्यांची नावं. जीबिफला, म्हणजे सजीवांच्या नोंदींच्या जागतिक खुल्या साठ्याला, नोंदींसाठी तेच चालतं. शास्त्रीय नाव, तारीख, नोंदीचा प्रकार आणि प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक, एवढं तर हवंच. अक्षांश-रेखांशासोबत किती मीटर इकडेतिकडे होऊ शकतं तेही लिहा.
तुमचा 'नं' म्हणजे काय? रोपं मोजलीत की चौकटीचा किती टक्के भाग व्यापला ते? आणि एक्सेलमधले रिकामे चौकोन? 'बघितलं, नव्हतं' आणि 'बघितलंच नाही' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दहा वर्षांनी कुणी तुलना करायला बसलं, तर त्या रिकाम्या चौकोनावर एखादी जात नाहीशी ठरेल.

सडाफिरी: अरे देवा. पहिल्या दोन वर्षी रोपं मोजली, नंतर टक्केवारी. रकाना एकच.

हर्बेरियमवाली: मग दोन करा. आजच, आठवतंय तोवर. रिकाम्या चौकोनांसाठी जुन्या फील्ड वह्या काढा.

जांभा: सोबत एक साधी रीडमी फाइल जोडा: क्वाड्रॅट केवढा, कोणत्या आठवड्यात, रकान्याचा अर्थ, एकक. जीबिफवर टाकायला मान्यताप्राप्त संस्था लागते. तोवर झेनोडो या डेटा ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवा. सर्न ही युरोपातली संशोधन संस्था ते चालवतं, फुकट आहे, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो.

कड्यावरचा: कंदीलपुष्प असेल तर नेमकी जागा देऊ नका राव! कंद खणून नेतात. अक्षांश-रेखांश एका दशांशापर्यंत ठेवा, म्हणजे साधारण ११ किलोमीटर. आणि मुद्दाम ढोबळ केलंय हे मेटाडेटात लिहा. डार्विन कोअरमध्ये त्यासाठी रकाना आहे. नाहीतर लोक तुमचा जीपीएसच खराब समजतील.

सडाफिरी: आहे, तीन ठिकाणी. मराठी नावं ठेवू का? गाइड म्हणतात काढ.

हर्बेरियमवाली: ठेवा, स्थानिक नावाचा रकाना आहेच. फक्त कुठल्या गावात ऐकलं ते लिहा. एकाच नावाने दोन गावं दोन वेगळी झाडं दाखवतात.

सडाफिरी: वह्या काढल्या. २०२१ची भिजलीय, पण पेन्सिलने लिहिलेलं वाचता येतंय.