जोडशब्दांची यादी पुरत नाही

या चर्चेत वर दोघांनी ‘फर्दरमोअर, मोरओव्हर, नेव्हरदलेस पाठ करा आणि प्रत्येक परिच्छेदात पेरा, आयईएलटीएसच्या निबंधात बँड वाढेल’ असं लिहिलंय. (आयईएलटीएस म्हणजे परदेशी शिक्षणासाठी वगैरे द्यायची इंग्रजीची परीक्षा, आणि बँड म्हणजे तिच्यातली गुणांची पातळी, सर्वात वरची ९.) शब्द माहीत हवेत हे मान्य, पण पेरण्याचा सल्ला मुलांचं नुकसान करतो. परीक्षकांचे निकष सगळ्यांसाठी खुले आहेत, ते एकदा वाचाच. निबंधाच्या गुणांपैकी २५ टक्के सुसंगती आणि जोडणीला असतात. त्यात ९ बँडची अपेक्षा अशी, की जोडणीकडे वाचणाऱ्याचं लक्ष क्वचितच जावं; जोडशब्दांचा अतिरेक ही ५ बँडच्या वर्णनातली त्रुटी आहे. म्हणजे दर वाक्याआधी फर्दरमोअर ठोकणारा स्वतःच गुण घालवतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी आणखी एक सांभाळावं. आपल्याला ‘जरी’ आला की ‘तरी’ लागतोच, म्हणून ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट’ असं सर्रास लिहिलं जातं. इंग्रजीत ऑलदो असेल तर बट काढायचा, किंवा बट ठेवायचा असेल तर ऑलदो काढायचा. आणि पुष्कळदा जोडशब्द लागतच नाही. ‘द गव्हर्नमेंट रेज्ड बस फेअर्स. दिस इन्क्रीज हिट डेली कम्यूटर्स.’ इथे ‘दिस इन्क्रीज’ मागचं वाक्य अलगद पुढे आणतं. निबंध तपासताना मी मुलांकडून आधी अशी दोन-तीन वाक्यं करून घेते, यादी त्यानंतर.