इंदूरला एकटीने खायला जायचंय, कसं जमवू?

ऑफिसच्या कामाने इंदूरला जातेय, सोबत कोणीच नाही. सराफ्यात, म्हणजे तिथल्या सोन्याच्या बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत, एकटीने खाताना ऑकवर्ड वाटेल का? आणि एकटीने किती पदार्थ खाऊन होणार?

उत्तर १: अजिबात नाही ताई, सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्यासमोरच ठेले लागतात आणि बहुतेक सगळे उभ्यानेच खातात, त्यामुळे एकटीला टेबल मागायचा प्रश्नच नाही. भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा पदार्थ) आधी घ्या, जलेबा मात्र एवढा मोठा असतो की एकटीला संपणं अवघड.

उत्तर २: थंडीत जात असाल तर गराडू (तळलेला कंद) सोडू नका! शनिवारची गर्दी टाळा. सकाळी पोहे-जलेबी, वरून शेव आणि जीरावण मसाला, माझ्या मते खरं इंदूर तेच. छप्पन दुकान या खाऊगल्लीतही एकटं फिरायला मस्त वाटतं.