निक्षेप, अवक्षेप की गाळ?

शंका: कार्बोनेटयुक्त झऱ्यांच्या तोंडाशी थराथरांचा जो पांढरट दगड तयार होतो, त्याला 'चुन्याचा गाळ' म्हणावे की 'निक्षेप'? नाशिकचे द्राक्षबागायतदार जिला 'चुनखडी' म्हणतात, तीच का ही?

उत्तर: 'गाळ' येथे टाळावा. गोदावरीचा पूर ओसरल्यावर रामकुंडाच्या पायऱ्यांवर उरतो तो गाळ. पाण्याने माती आणि वाळू आहे त्याच रूपात वाहून आणलेली असते. झऱ्यापाशी घडते ते निराळे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना, मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून मातीत साठलेला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, आणि वाटेत चुनखडक लागल्यास त्यातील कॅल्शियम कार्बोनेट बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवून घेते, तरी दिसायला नितळच राहते. ते उघड्यावर आले की वायू हवेत निसटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा घनरूपात बाहेर पडते. या क्रियेला 'अवक्षेपण' आणि साठून राहिलेल्या पदार्थाला 'निक्षेप' म्हणावे. (धर्मशास्त्रात 'निक्षेप' म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, भूशास्त्राने हा शब्द उचलला तो योग्यच.) पाणी जेथे काठावरून उसळत पडते तेथे वायू लवकर सुटतो, म्हणून तेथेच थर जाड होऊन काठ उंचावतात आणि तुर्कस्तानातील पामुक्कलेसारखी पायऱ्यापायऱ्यांची कुंडे बनतात. सहसा उष्ण झऱ्यांचा घट्ट दगड तो ट्रॅव्हर्टाइन. थंड पाण्यात शेवाळ व पानांवर पुटे चढून झालेला सच्छिद्र दगड तो टुफा. या दोन्ही संज्ञा देवनागरीत तशाच ठेवाव्यात, कारण ओढूनताणून केलेल्या प्रतिशब्दांनी हा भेद पुसला जातो.

नाशिकची चुनखडी मात्र झऱ्याची नव्हे. येथे बेसाल्ट आहे, चुनखडक नाही. बेसाल्टची झीज होताना त्यातील कॅल्शियम सुटते आणि कमी पावसाच्या भागात पाण्याचे बाष्पीभवन होताना मातीतच त्याचे खडे बनतात. अशा जमिनीत वेलीला लोह नीट मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. म्हणून 'चुनखडी' मातीतल्या खड्यांसाठी आणि 'चुनखडक' मूळ खडकासाठी वापरावा.

पुरवणी: बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चढणाऱ्या पांढऱ्या थराची रासायनिक क्रिया झऱ्यासारखीच असते, फक्त तेथे वायूला घालवते ती उष्णता. त्यासाठी 'क्षार धरला' हा रूढ प्रयोग शास्त्रालाही धरून आहे, कारण पाठ्यपुस्तकी परिभाषेत कॅल्शियम कार्बोनेट हा क्षारच होय. तेथे 'निक्षेप' लिहिणे निव्वळ अवडंबर ठरेल.